खाड्याची भरपाई : रग्बीच्या ऱ्हासाची कहाणी

कामठीच्या माणसाने रग्बीवर बोलावे, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. या गावाचा खेळ फुटबॉल. १८२१ साली कन्हानच्या काठी इंग्रजांची छावणी पडली आणि तिच्या आसऱ्याने हे गाव वाढले. छावणीतल्या मैदानावरचा फुटबॉल तारेपलीकडून पाहता पाहता विणकरांच्या आणि विडी-कामगारांच्या मोहल्ल्यांतली पोरे तो कधी खेळू लागली, हे जुनी मंडळी मोठ्या चवीने सांगत. रग्बी येथे रुजली नाही. आम्ही स्वतः ती कधी खेळलेलो नाही. तिच्याविषयी जे काही ठाऊक आहे ते वाचून मिळविलेले आहे, आणि शाळा नववीत सुटल्यामुळे ते वाचनही रात्रपाळी संपल्यावरचे.

तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. तीस वर्षे कामगारांत काढल्यावर माणसाला एक खोड जडते. कोठे काही बंद पडले असे कानावर आले, की ते का बंद पडले, आणि बंद पडल्यावर घरी कोण बसले, हे विचारल्यावाचून राहवत नाही. गेल्या तीन-चार वर्षांत इंग्लंडातले रग्बीचे जुने जुने क्लब दिवाळखोरीत निघाल्याच्या बातम्या वाचल्या आणि आम्ही तोच प्रश्न विचारू लागलो. उत्तर शोधता शोधता परत कामठीलाच आलो. तो सगळा प्रवास आपणांपुढे ठेवतो.

प्रथम खेळ थोडक्यात समजून घेऊ. चेंडू लंबगोल, मोठ्या पपईसारखा. तो हातात घेऊन पळता येतो, लाथेने मारता येतो. हाताने मात्र पुढे फेकता येत नाही, मागे किंवा आडवाच द्यावा लागतो. ज्याच्या हातात चेंडू असेल त्याला प्रतिपक्षाने मिठी घालून पाडावयाचे. सीमारेषेपलीकडे नेऊन चेंडू जमिनीला टेकविला की पाच गुण. ‘स्क्रम’ नावाचा प्रकार असा, की दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून बैलांसारखे एकमेकांना रेटतात आणि मधला चेंडू पायाने मागे ओढतात. कबड्डीतली पकड, कुस्तीतला रेटा आणि खो-खोतली धाव एकत्र केली, तर जे होईल ते रग्बी. संघात पंधरा गडी, सामना ऐंशी मिनिटांचा. यालाच ‘रग्बी युनियन’ म्हणतात. तेरा गड्यांची एक निराळी रग्बी आहे, तिला ‘लीग’ म्हणतात. हे दोन खेळ वेगळे का झाले, यातच आजच्या विषयाची किल्ली आहे.

रग्बीचा पहिला ऱ्हास आपल्याच देशात झाला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात गोऱ्या साहेबांनी एक सामना खेळला: एका बाजूला इंग्लंडचे, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे. हौस वाढली, १८७३ च्या आरंभी क्लब निघाला, सभासद शंभरावर गेले. परंतु पाच वर्षांत सारे थंडावले. एक पलटण बदलून गेली, त्यामुळे गडी कमी झाले. क्लबात फुकट मिळणारी दारू बंद झाली, तेव्हा उरलेल्यांतले पुष्कळ पांगले. आणि उकाड्यात धडपडण्यापेक्षा टेनिस आणि पोलो बरे, असे साहेबलोकांना वाटू लागले. शेवटी क्लब मोडला. खात्यावर जी शिल्लक होती ती चांदीच्या रुपयांत काढली, ते २७० रुपये वितळवले आणि त्यांचा एक चषक घडविला. त्याला नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती. हा चषक लंडनच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या ‘कलकत्ता चषका’साठी खेळतात तो हाच. खेळ मेला, त्याची चांदी तेवढी मागे राहिली.

पुढे १८८४ मध्ये कलकत्त्यात रग्बी पुन्हा सुरू झाली. मुंबईत जिमखान्याच्या हिरवळीवर ती टिकली. १९२४ पासून अखिल भारतीय स्पर्धाही होऊ लागली. परंतु फुटबॉल जसा मोहल्ल्यात आला तशी ती आली नाही. ती जिमखान्याच्या तारेच्या आतच राहिली.

आता इंग्लंडात जाऊ. लंडनची रग्बी संघटना १८७१ साली स्थापन झाली. तिचे कर्तेधर्ते बड्या शाळांत शिकलेले, खाऊन-पिऊन सुखी गृहस्थ. त्यांचा नियम असा, की खेळ हौसेसाठी खेळावा, त्यासाठी कोणी एक पेनीही घेऊ नये. ऐकावयास मोठे उदात्त वाटते. पण उत्तरेत, यॉर्कशायर आणि लँकेशायरमध्ये, हाच खेळ गिरणीकामगार आणि खाणकामगार खेळू लागले होते. शनिवारी गिरणी दुपारी सुटे. सामना परगावी असला तर सकाळीच निघावे लागे, म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा पडे. जायबंदी झाला तर पुढचा आठवडाही जाई. साहेबाला खाडा म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्याचे उत्पन्न तो झोपला असतानाही चालू असते. मजुराने हातात चेंडू घेतला, की त्याच्या घरची चूल त्या दिवसापुरती मंद होते.

म्हणून यॉर्कशायरच्या मंडळींनी १८९३ साली लंडनच्या सभेत एक साधी मागणी मांडली: खेळाडूला पगार देऊ नका, पण त्याचा जो खाडा पडतो तेवढा भरून द्या. मतदान झाले. मागणीच्या बाजूने १३६, विरुद्ध २८२. मागणी फेटाळली गेली. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, उत्तरेकडचे क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. खाड्याबद्दल दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई द्यावी, असे तिने ठरविले. हीच पुढे तेरा गड्यांची ‘लीग’ झाली. आपण चळवळीत ज्याला फूट म्हणतो तशी ही फूट पडली, आणि ती पडली सहा शिलिंगांवरून.

जुन्या संघटनेने मात्र हौशीपणाचे व्रत सोडले नाही. व्रत वरवरचे होते हे सर्वांना माहीत होते. सामन्यानंतर खेळाडूच्या बुटात कोणी गुपचूप नोटा सरकवीत, आणि या पैशाला ‘बुटातला पैसा’ असे नावच पडले होते. जो मोबदला उघडपणे देता येत नाही तो चोरवाटेने दिला जातो, आणि चोरवाटेने दिलेल्या मोबदल्याला हक्क म्हणता येत नाही.

शेवटी हे व्रत मोडले तेही दूरचित्रवाणीच्या पैशाने. १९९५ च्या जूनमध्ये न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या संघटनांनी मर्डॉक यांच्या कंपनीशी दहा वर्षांचा, पंचावन्न कोटी डॉलरांहून मोठा करार केला. मग मागे फिरण्याची सोय उरली नाही. २६ ऑगस्ट १९९५ रोजी पॅरिसमध्ये खेळ धंदेवाईक म्हणून खुला झाल्याचे जाहीर झाले. हडर्सफील्डच्या सभेला शंभर वर्षे पुरी होण्यास तीन दिवस उरले होते.

आता येथे कोणी म्हणेल, की मग तुमच्या मजुराचे भले झाले. पगार मिळू लागला. येथेच मेख आहे. १८९३ ची मागणी होती सर्वांच्या खाड्याची, गावोगावच्या गड्याची. १९९५ मध्ये मिळाला तो वरच्या काही शेकड्यांना पगार. गावचा गडी होता तेथेच राहिला. वरच्या क्लबांना पगार द्यावयास पैसा हवा, तो सामन्यांच्या तिकिटांतून आणि प्रक्षेपणातून पुरा पडेना, म्हणून एकेक धनिक मालक आला आणि वर्षानुवर्षे तोटा सोसू लागला. मालकाच्या खिशावर उभा राहिलेला उद्योग मालकाचा हात थकला की बसतो, हे आम्ही आपल्या भागात पुष्कळदा पाहिले आहे.

तसेच झाले. २०२० ची साथ आली, मैदाने रिकामी पडली, सरकारने कर्जे दिली, ती डोक्यावर बसली. २०२२ च्या सप्टेंबरात वूस्टरचा क्लब कोसळला. ऑक्टोबरात १८६७ साली स्थापन झालेला वॉस्प्स कोसळला. त्या एका दिवशी खेळाडू, शिक्षक, कारकून, माळी धरून १६७ जणांची नोकरी गेली. २०२३ च्या जूनमध्ये लंडन आयरिश गेला. तेरा क्लबांची वरची साखळी दहांवर आली. दुसऱ्या वर्गात जर्सी बेटाच्या क्लबाने २०२३ मध्ये अजिंक्यपद मिळविले आणि त्याच सालच्या सप्टेंबरात तो बंद पडला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचा रेबेल्स संघ २०२४ च्या हंगामानंतर मिटला. वूस्टर २०२५ मध्ये दुसऱ्या वर्गातून पुन्हा उभा राहिला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

वर ही पडझड, आणि खाली? खालचे दुखणे आवाज करीत नाही. पूर्वी ज्या क्लबाचे तीन-चार संघ दर शनिवारी उतरत, त्याचे एक-दोन उतरू लागले. स्क्रमच्या पहिल्या रांगेत शिकवून तयार केलेले गडीच लागतात, नाही तर मान मोडण्याचा धोका. ते न मिळाल्यामुळे नुसता नावाचा स्क्रम लावून सामने उरकावे लागतात. का? शनिवार आता सर्वांचा सुटीचा राहिलेला नाही. गोदामे, दुकाने, मालाची ने-आण, सर्वत्र पाळ्या. गिरणीने जो शनिवारचा तिसरा प्रहर एका वेळी साऱ्या गावाला मोकळा करून दिला होता, तो गिरणीबरोबर गेला. सर्वांना एकाच वेळी सुटी नसेल, तर पंधरा माणसे एका मैदानावर आणणार कशी?

याचे सर्वांत बोलके उदाहरण वेल्सचे. आपल्या बाजूला सिलेवाड्याकडे कोळसा निघतो. भूगर्भशास्त्रज्ञांनी येथल्या एका खडकाच्या थराला ‘कामठी’ असे नावच दिले आहे. तेव्हा खाणीच्या गावाचे चित्र आम्ही आपणांस रंगवून सांगावयास नको. वेल्सच्या दऱ्यांतली गावे अशीच. रग्बी तेथे साहेबांची राहिली नाही, खाणकामगारांची झाली. १९२० च्या कायद्याने दर टन कोळशामागे एक पेनी कामगारांच्या कल्याणासाठी बाजूला पडू लागली. देशभरच्या खाणींच्या गावांत त्या पेनीतून सभागृहे झाली, खाणीच्या तोंडाशी न्हाणीघरे झाली आणि खेळाची मैदाने झाली. एका पेनीत काय होते असे म्हणू नये. दर टनाची पेनी म्हणजे गावाचा दर दिवसाचा श्वास होता.

१९८४ च्या मार्चपासून १९८५ च्या मार्चपर्यंत खाणकामगारांचा संप झाला. तो हरला, आणि खाणी भराभर बंद झाल्या. दहा वर्षांनी खेळ धंदेवाईक झाला, तेव्हा त्या गावांच्या हातात पैसा नव्हता. २००३ मध्ये जुन्या क्लबांच्या जागी पाच प्रादेशिक संघ केले. वर्षभरात त्यांतला एक मोडला. २०२५ मध्ये उरलेल्या चारांचे तीन करण्याचा बेत जाहीर झाला. राष्ट्रीय संघ २०२३ च्या ऑक्टोबरपासून लागोपाठ १८ कसोटी सामने हरला. ती मालिका २०२५ च्या जुलैत जपानमध्ये तुटली. वर्तमानपत्रे शिक्षकाला दोष देत होती. आमच्या मते मूळ त्याहून खोल, खाणीच्या तळाशी होते.

आणखी एक हिशेब राहिला आहे, शरीराचा. खेळ पेशा झाल्यावर गडी दिवसभर ताकद कमावू लागले, वजने वाढली, टकरी वाढल्या. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात स्टीव्ह थॉम्पसन होते. २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्यांनी जाहीर केले की त्यांना अकाली स्मृतिभ्रंश जडला आहे आणि ज्या सामन्यात विश्वचषक मिळाला तो खेळल्याचे त्यांना आठवतच नाही. त्यांच्यासह अनेक माजी खेळाडूंनी संघटनांवर दावा लावला. आपल्या देशात कामावर इजा झालेल्या मजुराला भरपाई देणारा कायदा १९२३ साली झाला. खेळ हे काम ठरल्यावर डोक्याला बसलेला मारही कामावरची इजा ठरतो, इतकी ही साधी गोष्ट आहे. आईबापांना ती कळते. ती मुलांना दुसऱ्या खेळाला घालतात, आणि मग क्लबाला पुढची पिढी मिळत नाही.

सर्वत्र अंधार आहे असे मात्र नव्हे. फ्रान्समध्ये खेळ जोमात आहे. तेथे पुष्कळ ठिकाणी मैदान नगरपालिकेचे असते. क्लबांचे हिशेब दरवर्षी तपासले जातात आणि ताळा न जमणाऱ्या क्लबाला खालच्या वर्गात उतरविता येते. स्त्रियांची रग्बी वाढते आहे. २०२५ च्या सप्टेंबरात लंडनला स्त्रियांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना इंग्लंड आणि कॅनडा यांच्यात झाला, तेव्हा ८१,८८५ प्रेक्षक होते. खेळाची गोडी आटलेली नाही, हे यावरून उघड दिसते.

मुंबईचे एक उदाहरण सांगतो. जिमखान्यासमोरच्या पदपथावर फॅशन स्ट्रीटचा बाजार भरतो. तेथली रस्त्यावर वाढणारी पोरे तारेबाहेरून रग्बीचा सराव पाहत उभी राहत. मॅथ्यू स्पेसी नावाच्या एका खेळाडूने त्यांना आत घेतले, खेळविले. त्यातून १९९९ साली ‘मॅजिक बस’ ही संस्था निघाली. शंभर वर्षांवर जी तार आडवी होती ती एका माणसाने दार उघडताच ओलांडली गेली. मग २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत सात गड्यांच्या रग्बीची सहा संघांची व्यावसायिक साखळी स्पर्धा पहिल्यांदा झाली. परदेशी खेळाडू आले, झगमगाट झाला. त्याला आमचा विरोध नाही. वॉस्प्सची गोष्ट तेवढी लक्षात ठेवावी: शिखर आधी बांधले आणि पाया मागाहून घालू म्हटले, तर शिखर खाली येते.

आता घरी परत येऊ. खाड्याचा प्रश्न आपल्याकडे एका निराळ्या युक्तीने सुटला होता. खेळाडूला पगार द्यावयाचा नाही, नोकरी द्यावयाची आणि सामन्यासाठी पगारी रजा द्यावयाची. रेल्वे, पोलीस, बँका यांनी हेच केले. मुंबईच्या गिरणगावात गिरण्यांचे कबड्डीचे संघ होते. चांगला चढाई करणारा पोरगा त्या जोरावर गिरणीत चिकटे. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या हळूहळू गेल्या, त्यांच्यामागे संघही गेले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झालेली. २००२ मध्ये तिचाही भोंगा कायमचा थांबला. आता जे काम मिळते ते बहुतेक ठेकेदाराकडचे. ठेक्याच्या कामात पगारी रजा नाही, खेळाडूची जागा नाही. हजेरी आहे आणि खाडा आहे.

२०१८ ची गोष्ट. आमच्या संघटनेतला एक पोरगा कामठीतल्या एका संघाचा गोलरक्षक होता. काम ठेकेदाराकडे, माल चढविण्या-उतरविण्याचे. सामने दुपारी तीनला, पाळी दोनला. तीन महिन्यांच्या हंगामात त्याचे अकरा खाडे पडले. अकरा दिवसांची मजुरी गेलीच. पुऱ्या हजेरीबद्दल जो भत्ता मिळे तोही तीन महिने बुडाला. तो आमच्याकडे तक्रार घेऊन आला नाही. बूट घेऊन आला. म्हणाला, “भाऊ, कोणाच्या पायाला आले तर देऊन टाका.”

त्यानंतर आम्ही चाळीस जणांनी महिन्याला वीस-वीस रुपये काढून खाडा-फंड सुरू केला. महिन्याचे आठशे झाले. एका दिवसाची मजुरी तेव्हा साडेतीनशेच्या घरात होती. म्हणजे दोन खाडे भरत, तिसऱ्याला पैसे पुरत नसत. आणि खेळणारे एकटा तोच नव्हता. दोन हंगाम फंड चालला. २०२० मध्ये कामेच बंद पडली, वर्गणी थांबली, फंड मोडला. यात आमचीही चूक आहे. कामावरचे पहिले पाणी आणि पहिले बूट मागताना आम्ही कधी खेळाचा तास मागितला नाही. बाबू हरदास यांनी याच गावात विडी-कामगारांची संघटना बांधली. हजार विड्यांच्या दरासाठी आमच्या संघटनांनी पुष्कळ भांडणे केली. विडी वळणाऱ्या हाताला मोकळा वेळही लागतो, हे आमच्या मागणीपत्रात कधी आले नाही.

म्हणून आज या व्यासपीठावरून तीन गोष्टी मागतो. एक, गावातले जे मैदान आज मोकळे आहे त्याचा एक कोपराही गाळ्यांसाठी देऊ नये. गेलेले मैदान परत मिळत नाही. दोन, जिल्ह्याच्या संघात निवडलेल्या मजुराला सामन्याच्या दिवसाची हजेरी मिळावी, मग तो कोणाच्याही हाताखाली असो. आमच्या पुढच्या मागणीपत्रात ही मागणी असेल. आपण व्यापारी, वकील, शिक्षक मंडळींनी तिला पाठिंबा द्यावा. तीन, सामना भरविणाऱ्याने जखमी खेळाडूच्या औषधपाण्याची तजवीज आधी करावी, चषकाची मागाहून.

चषक मिळतो हो. कलकत्त्याच्या साहेबांनी २७० रुपयांत केवढा सुंदर केला! पण तो उचलायला तेथे गडी उरले नव्हते.

त्या पोराचे बूट आमच्या कार्यालयातल्या कपाटावर अजून आहेत. आठ नंबरचे. कोणाच्या पायाला येत असतील तर जरूर घेऊन जावे. त्याचा खाडा कोण भरणार, हे मात्र आपण सर्वांनी मिळून ठरवायचे आहे.